गिरणीपुढची पाच फूट वाट

॥ श्री राजुरेश्वर प्रसन्न ॥

मी, गोरक्षनाथ मल्हारी खरात, वय एकोणपन्नास, धंदा पिठाची गिरणी, मूळ राहणार पिंपळगाव रेणुकाई, तालुका भोकरदन, हल्ली मुक्काम जालना, धान्याच्या मोंढ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर, हे मृत्युपत्र लिहून ठेवतो. माझी बुद्धी ठिकाणावर आहे, स्मरण चांगले आहे, आणि लिहिताना माझ्या मागे कोणी उभे नाही. दार मी आतून लावून घेतले आहे. येत्या सोमवारी संभाजीनगरला माझ्या हृदयाची शस्त्रक्रिया आहे. डॉक्टर म्हणाले, घाबरण्यासारखे काही नाही. हेच ते थोड्या वेळाने पुन्हा म्हणाले, म्हणून हा कागद करतो आहे.

यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. यानंतरचे कोणी दाखवले तर सही नीट तपासावी. माझ्या 'र'ला शेपूट असते.

कलम १. खाली गिरणी आणि वर दोन खोल्या, असे जालन्यातील माझे स्वकष्टाचे घर पत्नी सौ. दैवशाला हिच्याकडे तिच्या हयातीपर्यंत राहील. बँकेतील शिल्लकही तिचीच. तिच्या पश्चात घर मुलगा हरिओम आणि मुलगी प्रांजली यांना सारखे जाईल. गिरणी चालू ठेवावी. मिरची कांडायचे यंत्र विकले तरी चालेल, त्याने माझा घसा गेला. बाजरीच्या मागोमाग कोणाचा गहू दळू नये. गिऱ्हाईक तोंडाने बोलत नाही, पण पुढच्या वेळी दुसऱ्या गिरणीवर दिसते.

कलम २. गावचे दीड एकर शेत हरिओमला. माझ्या वडिलांची काठी आणि घोंगडीही त्यालाच.

वडील मेंढ्या राखत. सुगी झाली की कळप घेऊन सडकेच्या कडेने लांबलांब जात. तेव्हा डांबराच्या दोन्ही अंगांना बैलगाडी मावेल एवढी मातीची साईडपट्टी असे. ट्रक आला की वडील हाक देत आणि सगळा कळप मातीवर उतरे. "सडक त्यांची असंल," ते म्हणत, "पण कड आपली हाय." पुढे सडका रुंद झाल्या आणि कड डांबराखाली गेली. कडेने चालणाऱ्यांनी आता कुठून जायचे, हे कोणी विचारल्याचे मला आठवत नाही. वडिलांनी मेंढ्या विकल्या. त्यांचा नातू हरिओम आज शोरूममध्ये मोटारी विकतो. त्यात वाईट काही नाही. फक्त ती घोंगडी त्याने मोटारीच्या सीटवर अंथरू नये.

कलम ३. गिरणीपुढची, रस्त्याला लागून असलेली पाच फूट रुंदीची पट्टी माझ्या खरेदीखतातली आहे. तिच्यावर आधी माझा ओटा, पायऱ्या आणि पत्रा होता. ते सगळे मी स्वतः पाडले. कारण लिहून ठेवतो, कारण माझ्या मागे लोक दुसरे कारण सांगतील.

दोन वर्षांपूर्वी प्रांजली कॉलेजातून सायकलने घरी येत होती. गिरणीपुढे रस्त्यात एक मोटार उभी होती, पीठ न्यायला आलेल्या माझ्याच गिऱ्हाईकाची. त्यांनी मागे न बघता दार उघडले. प्रांजली दारावर आदळून रस्त्यात पडली आणि मागून येणाऱ्या ट्रकने ब्रेक दाबला. त्या ड्रायव्हरची नजर रस्त्यावर होती, म्हणून माझी मुलगी आज आहे. तिचा उजवा हात अजून पूर्ण सरळ होत नाही. मोटारवाले भले गृहस्थ. दवाखान्यात सफरचंदे घेऊन आले आणि मला म्हणाले, "एवढ्या गर्दीत पोरीला सायकल कशाला देता?"

त्या प्रश्नाचा मला तेव्हापासून संशय आहे. दार त्यांनी उघडले आणि सायकल माझ्या मुलीने सोडायची. असेच एकेक जण सोडत गेले तर पुढे साहेबलोक रस्ता दाखवून म्हणतील, सायकल चालवतंय कोण? चालवणारे आहेत. स्टीलच्या कारखान्यांतून पाळी सुटली की कामगार येतात, शाळेच्या मुली येतात, दळणाचा डबा कॅरिअरला बांधून बाया येतात. डबा भरलेला असला की सायकल सरळ चालत नाही, वळवळते. तिला दोन्ही बाजूंना थोडी मोकळी जागा लागते, आणि तेवढीच रस्त्यावर उरलेली नाही.

मी रस्त्याचे काम बघणाऱ्या एका साहेबांना भेटलो. ते म्हणाले, "खरात, जागा कुठंय?" मी त्यांच्या खिडकीतून खाली पाहिले. रस्त्याच्या दोन्ही कडांना मोटारी उभ्या होत्या आणि वाढदिवसाच्या कमानीचे खांब रोवलेले होते. जागा होती, ती अडवलेली होती. ते म्हणाले, पांढरी रेघ मारून देऊ. रेघेवर माझा विश्वास नाही. रेघेवरून ट्रक गेला तर रेघेला काही होत नाही. सायकल आणि मोटार यांच्या मधे घोट्याएवढा का होईना, पण कठडा पाहिजे. शाळेपासून मोंढ्यापर्यंत सलग पाहिजे, आणि तो दुकानांच्या पुढून गेला तर गिऱ्हाईक तुटते ही भीती खोटी आहे. सायकलवाला थांबतो. मोटारवाल्याला थांबायलाच जागा नसते, म्हणून तो रस्ता अडवतो.

माझी पट्टी बावीस फूट लांब आहे. चार पायडल मारली की संपते. लोक हसतात. पण दुसऱ्याकडे जागा मागायला जाताना आपला ओटा आधी पाडलेला बरा, असे मला वाटले.

ही पट्टी मी प्रांजलीला एकटीला देतो. सरकारला दान का नाही केली, असे वकिलांनी विचारले. मला भीती अशी, की दान केलेल्या जागेवर आधी फलक लागतो, मग फलकाला सावली म्हणून पत्रा येतो, आणि पत्र्याखाली पार्किंगची पावती फाडणारा खुर्ची टाकून बसतो.

कलम ४. पट्टीबाबत अटी. मोटारसायकल "दोनच मिनिटं" म्हणून लावू देऊ नये. दोन मिनिटे म्हणणारा माणूस नंतर चहा पिताना सापडतो. माझी तसबीर, माझ्या नावाची पाटी, बाकडे, पाणपोई यांतले काहीही ठेवू नये. पाणपोई चांगली गोष्ट आहे, म्हणूनच नको. चांगली गोष्ट एकदा वाटेत बसली की तिला ऊठ म्हणणारा वाईट ठरतो.

हरिओमने फोनवर विचारले होते, "पप्पा, तिथं एटीएम बसवलं तर भाडं काय येईल?"

"तुझ्या बहिणीचा हात सरळ होईल एवढं येईल का?" मी म्हणालो.

"तुम्ही पण ना पप्पा," म्हणून त्याने फोन ठेवला. तो मनाने वाईट नाही. पण मोकळ्या जागेबद्दल त्याचा शब्द धरून चालू नये.

कलम ५. हे कलम सर्वांत महत्त्वाचे आहे. माझ्या मागे लोकांना जमवून मोठ्याने वाचावे.

कठडा नव्हता तोवर मी रोज सकाळी पट्टीच्या कडेला फक्कीची रेषा मारीत असे, गावच्या शाळेत मैदानावर मारायचो तशी. दुपारपर्यंत तिच्यावर मोटारसायकली उभ्या राहत. मागच्या पौषात एका सकाळी शटर उघडले तर पट्टीच्या मधोमध शेंदूर फासलेला दगड होता, पुढे नारळ. त्या दिवशी तिथे एकही गाडी लागली नाही. जे लोक माझ्या रेषेवर स्टँड टाकत, ते चपला काढून हात जोडत होते. मीही जोडले. मला बरेही वाटले.

शेजारचे टाइल्सचे व्यापारी राधेश्यामशेठ दुकानातून बघत होते. "काम झालं न भाऊ," ते म्हणाले. "तुमच्या फक्कीनं न्हाई झालं ते शेंदरानं झालं. आता बिलकुल कोणी येणार न्हाई."

"तुम्हीच ठेवला का शेठ?"

"मी? मला देव बसवायचा असता तर माझ्या जागेत बसवला असता, तुमच्या कशाला?"

हे मला पटले. पण शेठचे पटले की मला थोड्या वेळाने संशय येतो.

संध्याकाळी प्रांजली आली. दगडाभोवती हात जोडणारे उभे होते, बाजूने जायला वाट नव्हती, म्हणून तिने सायकल रस्त्यावर घेतली. मागून एसटी येत होती. तो हॉर्न अजून माझ्या कानात आहे. गाड्या हटल्या होत्या, पण सायकलीलाही वाट उरली नव्हती. आणि पुढचे सगळे मला दिसले. दगडाला ओटा, ओट्याला छत, छताला कर्णा, दाराशी पेटी.

मी देव मानणारा माणूस आहे. दर चतुर्थीला राजूरच्या गणपतीला सायकलने जातो आणि मागणे काही मागत नाही. पण देवाला राखणदार म्हणून रस्त्यावर बसवायचा धीर मला झाला नाही. दगड बघून गाडी मागे घेणारा माणूस समोरचा चालता माणूस बघून का घेत नाही, याचा मी पुष्कळ विचार केला.

दुसऱ्या दिवशी अंघोळ करून, क्षमा मागून, दगड वडिलांच्या घोंगडीत घेतला आणि गावी शेताच्या बांधावर लिंबाखाली ठेवला. तिथे त्याची पूजा होते. हरिओमनेही ती चालू ठेवावी. मी निघताना दैवशाला दारात उभी होती. ती एवढेच म्हणाली, "मंग आता पोरीला कोण राखणार?" मला वाटले, बाईमाणसाची भीती आहे, निघून जाईल. परत येऊन मी पट्टी आणि रस्त्याच्या मधे सिमेंटचा कठडा घातला.

फाल्गुनात माझ्या छातीत कळ आली. तेव्हापासून गिरणीवर रांगेत कुजबुज चालते. मी जवळ गेलो की थांबते, पण गिरणीवाल्याचे कान आवाजातूनच ऐकायला शिकलेले असतात. "देव हलवला न त्यानं," एक म्हणते. "भोगून राह्यला," दुसरी म्हणते.

मी सोमवारी गेलो तर दगड लगेच परत येईल, आणि या खेपेला त्याला हलवायला कोणी धजणार नाही. प्रांजली रोज त्याला वळसा घालून रस्त्यावर उतरेल. मला मरणाचे भय आहे ते एवढ्यासाठी. म्हणून शपथेवर लिहितो, की माझ्या हृदयाच्या नळ्या दगडामुळे बंद झालेल्या नाहीत. वडिलांच्याही अशाच झाल्या होत्या, आणि त्यांनी जन्मात एकही देव हलवला नव्हता. डॉक्टरांचा रिपोर्ट सोबत आहे. तो गिरणीत वजनकाट्याच्या वर चिकटवावा. तिथे प्रत्येकाची नजर जाते, कारण काट्यावर कोणाचाच विश्वास नसतो.

कलम ६. या मृत्युपत्राची अंमलबजावणी करणारा म्हणून मी राधेश्यामशेठ यांना नेमतो. वकील म्हणाले, "ज्यांच्याशी तुमची कोर्टात केस चालू आहे तेच का हे?" तेच. त्यांच्या-माझ्या मधल्या भिंतीच्या नऊ इंचांवरून ती केस आहे, आणि तिच्यात आम्ही दोघांनी अंबडच्या एकाच पाहुण्याला साक्षीदार केले होते. त्यांचा माझ्यावर विश्वास नाही, माझा त्यांच्यावर नाही. म्हणून माझ्या दारात वीट हलली तरी त्यांना कळते. माझी पट्टी त्यांच्याइतकी बारकाईने माझा मुलगाही बघणार नाही.

शिवाय अट अशी. माझ्या पट्टीचे एक टोक त्यांच्या टाइल्सच्या थप्पीवर जाऊन आदळते. त्यांनी आपल्या दुकानापुढचे पाच फूट असेच सोडून कठडा घातला, तर नऊ इंचांवरचा माझा हक्क माझ्या वारसांनी सोडावा. न घातला तर केस चालू ठेवावी.

हे मी त्यांना सांगितले. ते भेटायला आले होते, मोसंबी घेऊन.

"नऊ इंच सोडता? काय भानगड आहे भाऊ?"

"भानगड न्हाई. तुम्ही पाच फूट सोडा."

"नऊ इंचाला पाच फूट. हा कुठला बराबरीचा सौदा?"

"तुमची नात सायकल शिकून राह्यली न, मागच्या बोळात."

"ते बी बघितलं तुम्ही?"

"नजर तुमच्यावरच असते माझी."

ते हसले. हो म्हणाले नाहीत. दुसऱ्या दिवशी पुढची थप्पी आत गेलेली होती. "फरशी धुवायची होती," ते म्हणाले. मी विश्वास ठेवलेला नाही. पण थप्पी अजून आतच आहे.

कलम ७. माझी काळी सायकल प्रांजलीला. ब्रेक मागचा आधी दाबावा.

कलम ८. पत्नी दैवशाला हिच्यासाठी.

गेल्या आठवड्यात दवाखान्याची पिशवी भरताना देवघराच्या फळीमागे अर्धी सरलेली शेंदराची पुडी माझ्या हाताला लागली. आपल्या घरी खंडोबाचा भंडारा असतो. शेंदूर कधी येत नाही. चार महिने मी गल्लीतल्या प्रत्येकावर संशय घेतला, शेठवर घेतला, पोटच्या मुलावर घेतला. घरात पाहिले नाही.

दैवशाला, मी विचारत नाही आणि तू सांगू नको. गावाकडे बांध राखायचा असला की बाया असाच दगड ठेवतात, आणि तुला दुसरे कोणी राखणदार दिसले नाही. मलाही दिसत नव्हते. पुडी मी होती तिथेच ठेवली आहे. मी परत आलो नाही तर तुझा हात तिच्याकडे जाईल. त्या दिवशी तिच्याऐवजी फक्कीचा डबा घे. कठड्याच्या आतून, या टोकापासून त्या टोकापर्यंत रेषा मार, आणि शेठची जागा मोकळी असेल तर थांबू नको, तशीच पुढे जा. मग प्रांजली यायच्या वेळी दारात उभी राहा. तू उभी असलीस की तिथे गाडी लावायची कोणाची हिंमत होत नाही, हे मी पाहिलेले आहे.

हे सर्व मी स्वतः लिहिले, स्वतः वाचले, आणि आता दार उघडून दोन्ही साक्षीदारांना आत घेतले आहे. त्यांच्या समोर मी सही केली आणि माझ्या समोर त्यांनी केली. त्यांना या कागदातून काहीही मिळणार नाही. दोघेही सायकलने आले. सायकली गिरणीच्या आत घ्यायला लावल्या, पट्टीवर ठेवू दिल्या नाहीत.

ठिकाण: जालना
दिनांक: २ मे २०२६

सही: गोरक्षनाथ मल्हारी खरात

साक्षीदार:
१. अण्णासाहेब गाढे, निवृत्त शिक्षक, जालना
२. सत्यशीला म्हस्के, धंदा शिवणकाम, जालना

सोबत: बुद्धी ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला, आणि हृदयाचा रिपोर्ट (वजनकाट्याच्या वर लावण्यासाठी).