उत्तरेच्या खोऱ्याचे वीस गुण

२ फेब्रु. ७६, सोम.
वाशीमहून परत. वनखात्याच्या साहेबांनी नवा तक्ता दिला. जंगलाच्या प्रत्येक तुकड्याला गुण द्यायचे: पाणी, चारा, सावली, वस्तीपासून अंतर. प्रत्येकी पाच. जिथे गुण जास्त तिथे चितळ जास्त, असं तक्ता म्हणतो. खरं निघतं का, ते मी लेंड्या अन् खुरांचे ठसे पाहून तपासायचं. जुळलं तर जास्त गुणांचं जंगल राखणार. कमी गुणांचं तोडीला.

४ फेब्रु.
उत्तरेचं खोरं. बारमाही डोह, कमरेइतकं गवत, अर्जुनाची गार सावली. वीसपैकी वीस!
दुपारपर्यंत हिंडलो. एक लेंडी नाही. जेवायला बसलो तेव्हा ध्यानात आलं, भाकरीवर माशीसुद्धा नाही. वनमजूर किसनभाऊ सोबत, पण गप्प. बाहेर आल्यावर म्हणाले, "तिथं बोलू वाटत नाई."

५ फेब्रु.
पलीकडची खुरट्या झाडांची टेकडी. गुण सहा. अन् लेंड्याच लेंड्या. नऊ चितळं डोळ्यांनी पाहिली, काटेरी झुडपांत, पाण्यापासून कोसभर लांब. तक्ता उलटा की काय...
जवळच्या वस्तीतली यमुनाबाई तिथे बकऱ्या चारत होती. म्हटलं, खोऱ्यात एवढं गवत, इथं काहून?
"बकऱ्या येतच नाई न भाऊ तिकडं. म्या एकडाव एक दोरीनं ओढत नेली. पान्याजवळ पाय रोवून हुभी राह्यली. थरथर कापे. मंग म्याच पळाली."

९ फेब्रु.
साहेब वाशीमहून मालेगावला आले होते. सगळं सांगितलं.
"तक्ता बरोबर आहे. तुम्ही नीट पाहिलं नाही. डोहाकाठची वाळू सपाट करा, रोज बघा. एक जरी खूर दिसला तरी 'आहे' लिहा."
टेकडीच्या तोडीचा कागद टेबलावर तयार. फक्त सही बाकी.

१० फेब्रु.
डोहाभोवती सगळी वाळू सारखी केली. मी एकट्यानेच. किसनभाऊ दूर झाडाखाली उभे.

११, १२.
वाळू कोरी. पाखराचाही पाय नाही.

१३, शुक्र.
खूर! चितळाचे. टेकडीकडून सरळ डोहापर्यंत.
परतीचे नाहीत. दोन फेऱ्या मारल्या. पाणी गुडघाभर, स्वच्छ, तळाचे खडे दिसतात. आत काही नाही.
किसनभाऊ पहिल्यांदाच जवळ आले, माझा दंड धरला. "चला आता."

१५, रवि.
आज चार चितळांचे माग. सगळे आत. बाहेर एकही नाही.
"काय लिहू, किसनभाऊ?"
"खरं लिवा."
"पण खरं काय?"
'आहे' लिहावं तर तक्ता पास, टेकडी तुटणार, उरलेली चितळं इकडेच येणार. 'नाही' लिहावं तर वाळूवर हे खूर कुणाचे?

१६, सोम.
रकान्यात लिहिलं: 'येतात. जात नाहीत.'
साहेब चिडले. म्हणाले, दाखवा. सकाळी अकराला जीपने खोऱ्यात. ते डोहाशी उभे राहिले, मी वाळूवरचे खूर दाखवत होतो. वर पाहिलं तर साहेब खाली बसून बुटाच्या नाड्या सोडत होते. एक बूट निघाला, मोजाही. पाय पाण्याकडे.
"साहेब!" मी खांदा हलवला.
त्यांनी पायाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "मी काय करत होतो हो?"
परतीच्या वाटेवर बूट हातातच. तोडीचा कागद सही न करता नेला आहे.