नामाच्या डोंग्यावरची खोपी

१२ नोव्हेंबर, बुधवार
सकाळपासून तेच आठवतंय. थंडीचे दिवस, धरणावर बा जाळं ओढतोय, आणि मी नि नामा डोंग्याच्या मागच्या टोकाला एकाच पोत्याच्या खोळीत, डोक्याला डोकं लावून. भाकरीवर लसणाची चटणी. मी बारा वर्षांची, होस्टेलातून सुट्टीला आलेली. तो नऊचा. म्हणाला, "ताई, मोठा झालो का डोंग्यावर खोपी बांधतो. दोघं बसू."
आज त्याला डोळ्यांच्या डॉ.कडे नेलं. दोन्ही डोळ्यांत मांस वाढलंय. जन्मभराचं ऊन आणि वारा. "आडोशाला बसत जा," डॉ. म्हणाले. ना. म्हणतो, "धरणात आडोसा कुठं राह्यते, साहेब?"
खोपी मीच बांधून देणार. माझ्या ऑपरेशनच्या आत. ती झाली की त्याला पत्राचंही सांगायचं. आता नाही तर कधीच नाही.

१६ नोव्हें., रवि.
घाट उतरून मोताळ्याला. शकीलभाई ट्रॅक्टरचे टप बनवतात. केबिन डोंग्यावर बसवायची म्हटल्यावर, "बाईजी, त्याले तं चाकंच नाहीत!" पण रंगात आले. चौकट अ‍ॅल्युमिनियमची, लोखंड जड होईल. पुढे काच. मागून उघडी, म्हणजे बसल्या जागी इंजिनाचा दांडा हातात राहील. कोपरे सगळे गोल, ना.ने बजावलं होतं, कोपऱ्याला जाळं अडकतं.
उंची विचारली. मी लगेच सांगितलं, "आत उभं राहता आलं पाहिजे. माझा भाऊ सहा फुटी आहे."

२० नोव्हें.
कंपासपेटी काढली. पत्र घडीवर फाटत चाललंय. मिशन होस्टेलच्या सिस्टर बियाट्रिसचं अक्षर मात्र तसंच, उजवीकडे झुकलेलं. तुमच्या मुलाला जूनपासून मुलांच्या होस्टेलात जागा आहे, फी माफ, असं सरळ साधं इंग्रजी.
मी बारा वर्षांची असतानाच्या त्याच सुट्टीत आलं होतं. घरात इंग्रजी येणारी मी एकटी. बा म्हणाला, "वाच." आदल्याच दिवशी तो आईला म्हणत होता, दोघंही गेले तं डोंग्यात कोण बसन? पोरीले वापस आणू मंग. मी ते ऐकलं होतं.
मी वाचलं, "जागा नाही."
नामा दारात उभा होता. जाळं उचललं आणि बाच्या मागे गेला.
पुढे मी त्याच मिशनच्या शाळेत तीस वर्षं इंग्रजी शिकवलं. किती पोरांना ओरडले असेन, जे लिहिलंय ते वाचा, मनाचं घालू नका म्हणून.

२७ नोव्हें., गुरु.
केबिन धरणावर आली. बसवली. काठावर ही गर्दी. एकजण ओरडला, "नामाभाऊ, हे संडास कोणाच्या योजनेतलं?" ना. म्हणाला, "तुह्यासाठीच हाय बे, ये बस!"
मग आत जाऊन उभा राहिला. काच त्याच्या कपाळाच्याही वर. समोरचं काहीच दिसेना. पाठ पार वाकली आहे त्याची, जाळी ओढून ओढून. इतकी वर्षं बघतेय, आणि शकीलभाईंना उंची सांगितली ती त्याच्या लग्नातली.
"ताई, मी काय आता तेवढा राह्यलो?" हसत म्हणाला. "आन् एवढ्या उंचीत वारा भरला तं डोंगा आडवा जाईन."
शकीलभाईंनी त्याला पाटावर बसवलं, डोळ्यांच्या रेषेत खडूने खूण केली. सव्वा फूट कापायचं.
सव्वा फूट. घाटातून येताना माझ्याच्याने खिडकीबाहेर बघवेना.

३ डिसें., बुध.
पाण्यावर गेलो. दोघंच. कापलेली खोपी बरोबर बसली आहे. बसलं की काच डोळ्यांसमोर येते, आडवा वारा डोक्यावरून जातो. समीक्षाने, म्हणजे त्याच्या नातीने, आत निळा रंग दिलाय. ती आठवीला आहे, माझ्याकडे राहून माझ्याच शाळेत जाते.
मधोमध गेल्यावर इंजिन बंद केलं. त्याने डबा उघडला. भाकरी, लसणाची चटणी. त्यालाही आठवत होतं तर.
म्हटलं, "नामा, ते मिशनचं पत्र आलं होतं बघ..."
"हाव. तेव्हा लय रडलो मी, ताई. जाळ्यात तोंड खुपसून. बाले दिसू नोय म्हणून." घास चावत राहिला. "पण बरंच झालं जागा नोती ते. मी गेलो असतो तं बा एकटा पडला असता."
मी काचेवरचं पाणी पदराने पुसत बसले. पाणी बाहेरच्या बाजूला होतं.
"काऊन गप झाली?"
"थंडी वाजतेय," म्हटलं.
त्याने आपली शाल काढून मला दिली.

७ डिसें., रवि.
उद्या संभाजीनगर, मंगळवारी ऑपरेशन. डॉ. म्हणतात हृदयाची झडप बदलणं आता रोजचंच आहे. तरी लिहून ठेवते.
घर समीक्षाला. कागद वकिलांकडे. शिक्षण होईपर्यंत विकू नये.
बांगड्या नामाच्या सुनेला, रेखाला. शिलाई मशीनही तिलाच.
पुस्तकं शाळेला. मोठा शब्दकोश सोडून, तो समीक्षाचा.
नामाची शाल धुऊन त्याला परत. चष्मा करायचाय त्याचा, काळ्या काचेचा. नंबर फ्रिजवर लावलाय.
कंपासपेटी समीक्षाकडे आजच दिली. म्हणाली, "आजी, आत काय आहे?" म्हटलं, पत्र. मला काही झालं तर आजोबांना खोपीत बसवायचं, इंजिन बंद करायचं आणि वाचून दाखवायचं. इंग्रजी आधी, मग मराठी. जे लिहिलंय तेच.
"आणि तू परत आलीस तर?"
परत आले तर पेटी तिच्याकडून मागून घ्यायची की मीच धरणावर जाऊन त्याला वाचून दाखवायचं, हे अजून...