तारीख कोर्टनी ऱ्हास

शिरपूर,
२८ नोव्हेंबर २०२४

डॉ. कोकिळा अमृत देवरे यांस,

सप्रेम नमस्कार.

मी खुशाल आहे. जळगावच्या घरी सर्व ठीक आहे. रक्तदाबाची गोळी वेळेवर घेतो, सकाळी फिरायला जातो. हे पत्र शिरपूरच्या आपल्या अभ्यासकेंद्राच्या खोलीत, तुझ्या टेबलाशी बसून लिहीत आहे. खिडकीखालून कापसाच्या गाड्या जिनिंगकडे चालल्या आहेत आणि त्यांच्या भोंग्यांमुळे वाक्य मध्येच तुटते. तुला त्या भोंग्यांचा कधी त्रास झाला नाही. मला आजही होतो.

पत्र लिहिण्याचे कारण प्रथम सांगतो, कारण प्रस्तावना लांबवली की तू कंटाळायचीस. काल धुळ्याला तज्ज्ञ समितीची बैठक झाली. तुझी चाचणी स्वीकारली गेली. एकमताने. धुळे आणि जळगाव या दोन्ही जिल्ह्यांत साठीपुढील माणसांची स्मरणशक्ती यापुढे तुझ्या पद्धतीने तपासली जाईल.

आता सविस्तर लिहितो.

समितीपुढे निवेदन डॉ. रिद्धी ओस्तवाल हिने केले. तू गेल्यानंतर अभ्यासाची प्रमुख तीच. तुझी विद्यार्थिनी असल्याचे तिच्या पहिल्याच वाक्यात कळले, कारण तिने सुरुवात आकडेवारीने केली नाही, सुंदरबाईंपासून केली. तो प्रसंग तुला किती प्रिय होता! आपल्या अभ्यासाचे ते पहिलेच वर्ष. मधुमेह आणि रक्तदाब असलेल्या वृद्धांची स्मृती शहरात कशी आणि खेड्यात कशी, हे पाहायचे होते. बाहेरून आलेली प्रश्नावली प्रमाण मराठीत उतरवलेली होती. सर्वेक्षिका दिपमाला कपाशीच्या बांधावर बसून विचारत होती, "आजी, आज तारीख काय आहे?"

सुंदरबाई म्हणाल्या, "तारीख कोर्टनी ऱ्हास वं माय. मन्हावर काय केस शे का?"

तारीख कोर्टाची असते, हे उत्तर प्रश्नावलीत बसत नव्हते. गुण शून्य. राज्याचे नाव, शंभरातून सात वजा करत जाणे, लिहिलेले वाक्य वाचून तसे करणे, सर्वत्र शून्य. अहवालात सुंदरबाईंच्या नावापुढे 'स्मृतिभ्रंश' असे आले आणि अशा बायकांची संख्या एवढी झाली की, सातपुड्याच्या पायथ्याची खेडी म्हणजे विस्मरणाचा प्रदेश वाटावा. अहवालाचे परिणाम घराघरांत पोहोचले. सुंदरबाईंच्या हातून साखरेच्या गोळ्या काढून सुनेच्या हाती दिल्या गेल्या. त्यांना एकट्याने बाजारात जाणे बंद झाले. चुलीजवळही कोणी बसू देईना.

तू त्यांच्या ओट्यावर जाऊन बसलीस. तू त्याच तालुक्यात वाढलेली. तुला त्यांच्याशी अहिराणीत बोलायला दुभाष्या लागला नाही. तू विचारलेस, "बाजार व्हईसन किती दिन व्हयनात?"

"कालच तं व्हयना. वानीनी माले जुनी शेव दिधी, ते बी लिखी ले."

"आनी वावरमा आते काय काम चालू शे?"

"दुसरी येचनी. तुले कपाशी दिखत नही का?"

तुझ्या चाचणीचे बीज असलेला हा संवाद रिद्धीने जसाच्या तसा म्हणून दाखवला तेव्हा समितीतले दोघे खांदेशी सदस्य मोठ्याने हसले. अध्यक्ष मात्र हसले नाहीत. ते शांतपणे म्हणाले, "डॉक्टर, पेपर सोपा काढला की सगळेच पास होतात. यात संशोधन कुठे आहे?"

प्रश्न उद्धट होता, पण अयोग्य नव्हता. संख्याशास्त्राचा निवृत्त प्राध्यापक म्हणून मला हे मान्य करावेच लागेल. निरोगी माणसाला निरोगी ठरवणे एवढ्याने चाचणी सिद्ध होत नाही. तिने आजारही ओळखला पाहिजे. माझ्यासमोर तक्ते होते. मेंदूविकारतज्ज्ञांनी स्वतंत्रपणे तपासलेल्या सर्वांची नोंद होती. मी उठून ते समजावले. जुन्या प्रश्नावलीने आजारी ठरवलेल्या बहुसंख्य बायका तुझ्या चाचणीने निरोगी ठरवल्या आणि तज्ज्ञांचे मतही तेच पडले. उलट, जुन्या प्रश्नावलीच्या जाळीतून निसटलेले काही आजार तुझ्या चाचणीने धरले होते.

अध्यक्ष म्हणाले, "हे दुसरं जरा नीट सांगा. जुन्यात पूर्ण गुण आणि ह्यात आजार, असं एखादं उदाहरण?"

रिद्धीने माझ्याकडे पाहिले. तू परवानगी देऊन ठेवली होतीस. सांगायचे केव्हा, हे माझ्यावर सोपवले होतेस. मी आजवर ते रिद्धीखेरीज कोणालाही सांगितले नव्हते. नातलगांना आपण 'प्रकृती बरी नसते' एवढेच कळवत आलो. या पत्रातही मी तो विषय टाळून पुढे जाणार होतो.

मी म्हणालो, "एक उच्चशिक्षित महिला आहे. खेड्यात जन्म, पुढे शहरात शिक्षण. जुन्या प्रश्नावलीत तिने एकही गुण गमावला नाही. तारीख, वर्ष, वजाबाकी, सर्व अचूक. नव्या चाचणीत एक प्रश्न आहे, 'बट्ट्या कश्या करतस, पहिलेपाईन सांग.' त्या महिलेने सांगताना कणीक मळली, गोळे केले आणि थेट तुपात सोडले. उकडणे राहिले."

त्या दुपारी तू याच खोलीत सर्वेक्षिकांना प्रश्न कसा विचारायचा ते शिकवत होतीस. दिपमाला हसून म्हणाली होती, "मॅडम, कच्च्याच तळल्या की हो! पाहुणे पळून जातील." तूही हसलीस. पुन्हा सांगू लागलीस आणि उकडणे पुन्हा राहिले. मग तू हसली नाहीस. सर्वजणी गेल्यावर तू मला समोर बसवलेस आणि म्हणालीस, "अहो, आता मला सगळे प्रश्न विचारा. आणि सवलत देऊ नका, तुम्हाला ती येतही नाही." मी विचारले. तू उत्तरे दिलीस. शेवटी तूच निष्कर्ष सांगितलास, एखाद्या परक्या रुग्णाचा सांगावा तसा, आणि लगेच म्हणालीस, "बघा, चालते की माझी चाचणी!" तुझ्या चेहऱ्यावर त्या क्षणी भीती नव्हती. तो आनंद होता. त्याला दुसरा शब्द मला आजही सुचत नाही.

अध्यक्षांनी विचारले, "पुढे निदान काय झालं?"

"तेच. मेंदूच्या तपासणीत सहा महिन्यांनी दिसले. चाचणीने आधी सांगितले होते."

"त्या बाई आता कुठे असतात?"

"त्या डॉ. कोकिळा देवरे. ही चाचणी त्यांनीच तयार केली. माझी पत्नी."

अध्यक्षांनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा घातला. मग ते म्हणाले, "देवरे सर, बसा." आणि ठराव स्वतःच वाचायला घेतला.

ठरावात तुला हवे होते ते सर्व आहे. सुंदरबाई आणि त्यांच्यासारख्या सर्वांच्या नोंदींतून 'स्मृतिभ्रंश' हा शब्द काढला जाईल. ज्यांचे विस्मरण खरे आहे त्यांना उपचार लवकर मिळतील. यावलकडची बोली निराळी, म्हणून तिथले प्रश्न तिथल्याच बायकांबरोबर बसून नव्याने बांधायचे. अहिराणी तिकडे लादायची नाही, असे स्पष्ट नमूद आहे. प्रशिक्षणाची जबाबदारी दिपमालाकडे आहे. ती फोनवर एवढी ओरडली की रिद्धीने फोन कानापासून दूर धरला. परतताना आम्ही सोनगीरला चहासाठी थांबलो आणि रिद्धी म्हणाली, "सर, तुम्ही हसताय." मी खरोखरच हसत होतो, हायवेवर, चारचौघांत.

आज सकाळी सुंदरबाई भेटायला आल्या होत्या. एकट्या, एसटीने. मी त्यांना ठराव अहिराणीत समजावून सांगितला. त्यांनी शेवटपर्यंत ऐकले आणि म्हणाल्या, "सर, तुमनी अहिराणी कडक इस्त्रीनी शे. पन समजस."

ती मी कशी शिकलो, हे त्यांना सांगितले नाही. तुला तरी कुठे ठाऊक आहे? शेवटच्या महिन्यांत प्रमाण मराठी तुझ्याजवळून आधी गेली. तुझे इंग्रजी, तुझी औषधांची नावे, सर्व तिच्यामागे गेले. लहानपणची भाषा तेवढी उरली. मला आपल्या पत्नीशी बोलायचे होते, म्हणून शिकलो. एके सकाळी तू फार आदराने विचारलेस, "भाऊ, तुम्ही कोन शेतस?" मी म्हणालो, "मी अमृत शे." तू थोडा विचार केलास आणि म्हणालीस, "चांगलं नाव शे." एवढ्या वर्षांच्या संसारात माझ्या नावाची स्तुती तू प्रथमच केलीस, कोकिळा. नाव घेण्याची आपल्याकडे पद्धत नव्हती.

काम आता सरकारी दवाखान्यांतून चालेल. या खोलीची गरज उरली नाही. तू गेल्यावरही मी ती सोडली नव्हती. मालक जवरीलालजी आताच जिन्यातून सांगून गेले, "सर, घाई करू नका, खोली तुमचीच आहे." त्यांचे आभार मानले. परंतु जे दोन जिल्ह्यांत पोहोचले आहे, ते एका खोलीत सांभाळत बसणे योग्य नव्हे. तुझे टेबल रिद्धी नेणार आहे. तुझा चष्मा मी घेतला आहे.

तुझ्या यशाचा साक्षीदार, आणि तुझाच,
अमृत

ता. क. सायंकाळी दाराला कुलूप लावले. किल्ल्या जवरीलालजींना परत दिल्या.