भोंग्याच्या आधी

आई, काल बाबांना घेऊन जुनवानीच्या मॉलमध्ये सिनेमाला गेले होते. तिसरा आठवडा चालू आहे, तरी हाऊसफुल्ल. पोस्टरवर एकटी बाई, शेजारी हिरो नाही. तुझ्या नातीने मोबाइलवर तिकिटं काढली आणि वर मलाच ऐकवलं, "मम्मी, ऐसी पिक्चर के लिए अब ॲडव्हान्स में बुक करना पडता है." तू आधी विश्वासच ठेवला नसतास, आणि मग सगळ्यांच्या आधी पदर खोचून तयार झाली असतीस.

तुझ्या वेळी बाईचा सिनेमा कॅम्प-एक वस्तीतल्या टॉकीजमध्ये लागला की आठवड्याच्या आत उतरायचा, म्हणून तू सोमवारीच गाठायचीस, तीनचा खेळ. माझी शाळा सकाळची, त्यामुळे सायकलच्या कॅरिअरवर मी. पण शेवट आपण कधी पाहिला नाही. जनरल शिफ्टचा भोंगा झाला की बाबा स्टील प्लांटमधून निघणार, आणि ते कंपनीच्या क्वार्टरवर पोचायच्या आत चहाचं आधण चढलेलं हवं. पडद्यावरची बाई काहीतरी ठरवायला लागली की नेमकी तू उठायचीस. तू माझा हात धरून दाराकडे चालली आहेस आणि मी पडद्याकडे तोंड करून उलटी चालते आहे. उरलेला सिनेमा तू सायकलवर सांगायचीस, पायडल मारत, धापा टाकत. तुझ्या सिनेमातली बाई रडत परत येत नसे. ती शाळेत शिकवायची, खानावळ काढायची, एकदा तर नंदिनीच्या चुनखडीच्या खाणीत ट्रक चालवायला लागली. क्वार्टर यायच्या आत तिचं सगळं चांगलं व्हायचं.

तेच शेवट तू मागच्या अंगणात बायकांना सांगायचीस. एकदा शेजारच्या काकू भंडाऱ्याला माहेरी गेल्या, तिथे तोच सिनेमा पुरा पाहून आल्या आणि भांडायलाच उभ्या राहिल्या. "तुमी तं म्हणे ते घर सोडून जाते! ते तं नवऱ्याच्या पाया पडते, बाई!" तू तांदूळ निवडत होतीस, मानही वर केली नाहीस. "मंग तुमाले कोनता शेवट आवडला, सांगा." काकू खाली बसल्या. म्हणाल्या, "तुमचाच." सगळ्या हसल्या. मग तू म्हणालीस, "बायायलेच चहा ठेवाले पळा लागते, तं बायायचा पिक्चर चालन कसा?" त्यावर आणखी हसू फुटलं. मला तेव्हा तो विनोदच वाटला होता.

माझं लग्न व्हायच्या आधीच तू गेलीस. त्यानंतर बाबा चहा करायला शिकले. पटकन शिकले, आई. आलं ठेचून घालतात, फार छान करतात. इतकी वर्षं मी तो चहा पिते आहे आणि दर वेळी मला तुझा राग येतो. त्यांनी चहासाठी कधी आवाज चढवला नव्हता. एकदा बोलून तर पाहायचंस.

काल शेवट जवळ आला तसे माझे पाय आपोआप चपला शोधायला लागले. बाबांनी मनगट धरलं. "कावून उठून राहिली वं? आखरीपर्यंत पाहू ना." मग पाहिला. ती बाई घराला कुलूप लावते, किल्ली शेजारणीकडे देते आणि बसमध्ये चढते. अगदी तुझा शेवट. टाळ्या पडल्या, मागच्या रांगेतल्या बायका तर उभ्याच राहिल्या. मी ओढणीत तोंड खुपसून रडले.

बाहेर आल्यावर बाबा बाकावर टेकले. "तुझी आई लय पिक्चर पाहे," म्हणाले. "मी घरी पोचलो की चहा तयार राहे. मले वाटे, तीनवाला शो लवकर सुटत असन." मग माझ्याकडे पाहिलं. "ते पुरा पाहून येत होती ना वं?"

बाबा आता काठी घेऊन चालतात, आई. दोन्ही हात तिच्यावर एकावर एक ठेवले होते. मी म्हटलं, "पुरा, बाबा. मीच तर होते संगं." त्यांनी मान हलवली, उठले, आणि गाडीपर्यंत त्या बसमध्ये चढलेल्या बाईबद्दलच बोलत राहिले.

हे पाठवायचं कुठे, ते मला माहीत नाही. पण दुसऱ्या कुणाला सांगता येणार नाही म्हणून तुलाच सांगते. बाबांना मी शेवट बदलून सांगितला. त्यांना तोच आवडला.