बाभळीची मोटार

सांगली,
५ जानेवारी २०२६

ती. स्व. कृष्णात आबांना प्रांजलचा सा. न. वि. वि.

फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि ओरडून माझा घसा बसतो, तेव्हा आपलं हे कागदाचंच बरं.

आमच्या वर्कशॉपमध्ये महिनाभरासाठी एक पाहुणी आलीय. १९५२ सालची विलायती स्पोर्ट्स कार. दोनच माणसांची, बिनछपराची, लांब नाकाची. मार्चमध्ये मुंबईत तिचा लिलाव आहे आणि लिलावाच्या पुस्तकात छापायला तिची कुंडली मांडायचं काम माझ्याकडे आलंय. १९६१च्या लिलावात ती इथल्या एका डॉक्टरांनी घेतली, १९९४ला मुंबईच्या लिलावात गेली, २०११ला दिल्लीच्या. लाल रंग खरवडला तर खाली हिरवा निघाला, त्याच्याखाली दुधासारखा पांढरा. दुपारी सगळे जेवायला गेले की मी तिच्यात बसून डोळे मिटते. शपथ सांगते आबा, वर्कशॉप हळूहळू मागं सरकायला लागतं.

अशा गाड्यांच्या पत्र्याखाली लाकडी सांगाडा असतो. दिल्लीच्या पुस्तकात म्हटलंय की तो इंग्लंडात नवा करून घेतला. काल दाराचा पत्रा काढला तर आत बाभूळ! इंग्लंडात कुठली आलीय बाभूळ? डॉक्टरांच्या नातीकडे चौकशी केली. ती म्हणाली, ७८ साली गाडी विट्याजवळ चरात गेली, सांगाडा मोडला, तेव्हा आजोबांनी ती उसाच्या ट्रकवर घालून दहिवडीला बैलगाड्या करणाऱ्या सुताराकडे नेली होती. ते म्हणजे माझे ज्ञानूआजोबा, तुमचे थोरले भाऊच ना? मी तर त्यांना पाहिलंही नाही. पुस्तक २५ तारखेला छापायला जातंय. तोवर खात्री झाली नाही तर त्या ओळीत 'कारागीर अज्ञात' असं पडेल, आणि ते मला सोसवणार नाही.

राहीआजीला नमस्कार. लोभ आहे तसाच असू द्या, माझ्या चौकशांनी आटू देऊ नका.

तुमची,
प्रांजल


दहिवडी,
११ जानेवारी

चि. प्रांजल हिस आबाचे अ. उ. आ.

तुझं पत्र चार वेळा वाचलं. व्हय, तीच गाडी. तवा ती पांढरी व्हती. सांगलीच्या मिस्त्र्यांनी डॉक्टरांना ती भंगारात घालायला सांगितलं व्हतं. दादाकडं नकाशा कुठला आलाय! मोडक्या लाकडाचं तुकडं अंगणात जुळवून मांडलं, दोरीला गाठी मारून मापं घेतली, आन् तीन वर्सं विहिरीत मुरवलेली बाभूळ बाहेर काढली. मी फौजेतनं रजेवर आलो व्हतो. हाताखाली इकडचं तिकडं केलं, एवढंच.

गाडी झाल्यावर डॉक्टरांनी मला शेजारी बसवून फलटणपातूर नेलं. पहाटचं धुकं, म्होरं काच न्हाई. मेंढरं रस्त्यावनं बाजूला व्हायची आन् मागं पुन्हा मिळून जायची. माळ सरून ऊस लागला तशी हवा एकदम गार झाली, वाटलं गाडी पाण्यातनंच चाललीया. अजून डोळा लागला की मी त्या गाडीत असतो. ती कुठं पोचत न्हाई, आन् मला बी पोचायची घाई नसती.

पुस्तकात ज्ञानू सुताराचं नाव ठळक टाक. लय चांगलं काम करतीयास पोरी. जेवत जा येळेवर. म्हाताऱ्यावर माया ठेव.

तुझा,
आबा


सांगली,
१६ जानेवारी

ती. स्व. आबांना प्रांजलचा सा. न. वि. वि.

तुमच्या पत्रातून मला फलटणच्या उसाचा गारवा लागला. पण आबा, मी रागावलेय.

दाराच्या आतल्या बाजूला लाकूड गुळगुळीत केलेलं नाही, तिथं तासायच्या वाकसाचे घाव तसेच आहेत. आमच्या जयराज मिस्त्रींनी त्यावरून बोट फिरवलं आणि म्हणाले की हा हात डावखुऱ्याचा आहे, सगळे घाव उलट्या अंगाने पडलेत. बाबांना विचारलं, तर ज्ञानूआजोबा उजव्या हाताचे. आणि डावखुरं कोण, हे मी वेगळं विचारायला हवं का? तुमच्या पत्रातली प्रत्येक ओळ तळहाताने पुसटलेली असते. काम दादांचं, तर डॉक्टरांनी फलटणला तुम्हाला का नेलं हो?

चुकीचं नाव छापलं तर मीही त्या दिल्लीवाल्यांच्या पंगतीला जाऊन बसेन. खरं काय ते लिहा. दिवस थोडे आहेत. राग माझा, लोभ मात्र तुमचाच, तो कमी नको.

तुमचीच,
प्रांजल


दहिवडी,
२० जानेवारी

चि. प्रांजल हिस आबाचे अ. उ. आ.

धरलंस बाई मला!

त्या साली भरल्या बैलगाडीचं चाक दादाच्या उजव्या हातावनं गेलं. बोटं चेंगारली. हे गावात फुटलं असतं तर कोण त्याच्याकडं गाडी करायला आलं असतं? म्हणून मी मागच्या छपरात दार लावून तासायचो, आन् दादा मांडीवर टाकलेल्या पटक्याखाली हात झाकून म्होरं गिऱ्हाइकाशी बोलत बसायचा. रजा संपून वर बारा दिवस झालं, त्याची शिक्षा बी भोगली. फलटणला जाताना डॉक्टर म्हणलं, त्यांना सगळं ठाऊक हाय, पर ते बोलणार न्हाईत. कुणाला सांगणार न्हाई असा मी दादाला शब्द दिला व्हता. हात बरा झाला, धंदा चालला, दादा गेला, तरी शब्द ऱ्हायला.

मला नाव नको व्हतं असं न्हाई. लय पायजे व्हतं. कवा कवा रात्रंदिस तेच मनात यायचं. तरीबी तुला लिवणार व्हतो की दादाचंच नाव ऱ्हाऊ दे.

पर दोन दिवस मला जेवण जाईना. राहीवैनींनी कारण इचारलं, तवा पहिल्यांदा त्यांना सगळं सांगितलं. वाटलं, नवऱ्याचं मोठेपण गेलं म्हणून त्या रडतील. तर त्या हसाय लागल्या! म्हणल्या, ज्या माणसाला दोन महिने त्यांनी स्वतःच्या हातानं घास भरवला, त्यानं बाभूळ तासली हे गावाला पटलं आसंल, त्यांना कसं पटावं? पहिल्या दिवसापासनं त्यांना ठाऊक व्हतं. मी शब्द पाळतोय, त्यात आपण कशाला पडा, म्हणून गप ऱ्हायल्या. आन् मग आवाज चढवून म्हणल्या की आता वर गेलेल्या दादाला लाज आणू नका, खरं नाव धाडा.

मला लय रडू आलं गं. वैनी म्होरंच बसल्यात, त्याबिगर मी ह्यो कागद पाकिटात घालीन, असा त्यांना भरवसा न्हाई. तवा लिव: लाकूडकाम, कृष्णात सुतार, दहिवडी. लाकूड बाभळीचं.

माया हाय ती असू दे. वैनींना वाचता येत न्हाई. पुस्तक घेऊन आलीस की त्या ओळीवर त्यांचं बोट नेऊन ठेव.

तुझा,
कृष्णात आबा