शेणाने सारवलेलं डांबर

बुरोंडी, मार्चअखेर १९८४

तीर्थस्वरूप दादास धोंडूचा साष्टांग नमस्कार. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद. तुझा खोकला गेला असेल. नसेल तर त्याला मुंबई मानवली असं समज. आम्ही खुशाल आहोत असं लिहायची रीत आहे म्हणून लिहितो. पावसाळ्यात आईचं कमरेचं हाड मोडलं होतं ते सांधलं, पण तिला उभं राहवत नाही. दिवसभर पडवीत खुर्चीवर, वाटेकडे तोंड करून बसते.

पत्रास कारण ही वाटच. अण्णा बोटीवरची नोकरी सोडून कायमचे घरी आले तेव्हा त्यांनी फाटकापासून दारापर्यंत डांबर घालून घेतलं. तसला रस्ता तेव्हा गावात सरकारचाही नव्हता. अलीकडे मात्र त्या वाटेत डांबर शोधावं लागे. मागे तू आलास तेव्हा त्याच खड्ड्यांत टॅक्सीचं पोट फुटून तेल सांडलं आणि दमयंतीवहिनी चपला हातात घेऊन दारापर्यंत आल्या. त्यानंतर तुम्ही कोणी फिरकला नाहीत. आईने या दोन्ही गोष्टींची गाठ मारून टाकली: खड्डे आहेत म्हणून तिचा बाळा, म्हणजे तू, येत नाही. (मला कारण वेगळं वाटतं, पण मी धाकटा.) तेव्हा शिमग्याची पालखी दारात यायच्या आत वाट नवी झालीच पाहिजे असा तिने हट्ट धरला. देवीला दारात गाऱ्हाणं घालायचं होतं. कसलं म्हणून विचारलं तर म्हणे, तुला कशाला, देवीला सांगेन.

बंदराच्या रस्त्यावरचा मुकादम महिपत सुट्टीच्या दिवशी माणसं घेऊन आला. अंगणात पिंप चढवून त्याने डांबर उकळलं, त्या धुराने दारच्या हापूसचा उरलासुरला मोहोरही काळा पडला. महिपत हाताने सढळ माणूस (जेवतानाही). खडी थोडी आणि डांबर फार, असा त्याचा बेत. वर फिरवायला रोलर आणला तर तो अण्णांनी बांधलेल्या फाटकाच्या चिऱ्याच्या खांबांतून आत शिरेना. मी अण्णांचे खांब पाडू देईना. "ऱ्हाऊ दे, उन्हानं आपसूक बसतंय," असं सांगून महिपत रोलरसकट निघून गेला. मार्चच्या उन्हात डांबर बसतं की उठतं हे त्यालाच ठाऊक.

एवढ्यावर भागलं असतं. पालखीच्या दिवशी सकाळी आईने शेजारच्या सगुणेला बोलावून वाटेवर शेण सारवायला लावलं. देवीची वाट सारवल्याशिवाय कशी ठेवायची? मी म्हटलं, आई, डांबर कोणी सारवत नाही. तर म्हणाली, तुझ्या बापाने केलं तेव्हाही मी सारवलं होतं. ते खरं आहे, पण तेव्हाचं डांबर आधी वाळलेलं होतं. सगुणेने निगुतीने सारवलं, कडेने रांगोळी घातली, आणि दुपारपर्यंत वाट भाताच्या खळ्यासारखी कोरडी ठणठणीत दिसायला लागली. खाली काय आहे ते मीही विसरलो, तर बाकीच्यांचं काय घेऊन बसलास.

पालखी नाचत फाटकातून आत आली. पुढे खांदा द्यायला रावजी, सगळे अनवाणी. चार पावलांवर शेणाचा पापुद्रा फुटला आणि रावजीचे दोन्ही तळवे डांबरात रुतले. पालखी जमिनीवर टेकवता येत नाही, पाय उचलता येत नाही, आणि मागच्या ढोलवाल्यांना यातलं काही दिसत नसल्यामुळे त्यांनी ताल वाढवलेला. शेवटी मागच्यांनी खांदे घेऊन देवीला उलटपावली फाटकाबाहेर नेलं. रावजी रांगोळीत उभाच. त्याला रॉकेल आणि खोबरेल लावून सोडवत असताना मानकरी म्हणाले, "देवीच्या मनात नाय यायचं."

आईने ते ऐकलं. तिने मांडीवरच्या ओटीच्या नारळाला घट्ट धरलं. मला ते बघवेना. मी तिला उचलली आणि निघालो. दादा, आई फार हलकी झाली आहे. अर्ध्या वाटेवर माझ्या वहाणा चिकटल्या आणि आम्ही तिथेच थांबलो, ना घरात, ना देवीपाशी. गुरवाने फाटकातूनच गाऱ्हाणं सुरू केलं. आईचा आवाज तिथवर पोचेना, म्हणून ती माझ्या कानात सांगणार आणि मी ओरडणार असं ठरलं. मला वाटलं, कंबर मागेल. ती म्हणाली, "कंबर ऱ्हाऊ दे. माज्या बाळाला एकदा धाड." मी ते अख्ख्या गावासमोर ओरडून सांगितलं, आणि अख्खा गाव "होय महाराजा" म्हणाला. मग कोणीतरी होडीच्या फळ्या आणून टाकल्या, त्यांवरून ओटी देवीकडे गेली आणि आम्ही घरात आलो. वहाणा अजून तिथेच आहेत.

तर थोरला म्हणून तूच सांग, हे डांबर उकरून काढू की राहू देऊ?

तुझा,
धोंडू

ता. क. महिपत म्हणतो, पावसानंतर बसेल. रावजी पायांत मोजे घालून फिरतो. माझ्याशी बोलत नाही.

आणखी एक. आईने मला एवढंच लिहायला सांगितलं होतं, की वाट छान झाली, गाडी आता थेट दारापर्यंत येते. तसंच लिहिलं असं मी तिला सांगितलं आहे. गाडी येत नाही. फाटकाशी उतर आणि चालत ये. फळ्या मी काढलेल्या नाहीत.