भरलेली टाकी

मंगळवार, संध्याकाळ

हे गेल्यापासून गाडी मीच चालवते. सकाळी शाळेला निघताना नुसती घरघर, कितीदा चावी फिरवावी तेव्हा कुठे सुरू. दुपारी तापलेली असली की मात्र पहिल्याच चावीला! बॅटरी बदलली, प्लग बदलले, तरी तेच. आणि धाकटा दीर सगळ्यांसमोर हसणार, "वयनी, गाडी बरी आसा, तुझो हात बरो नाय."

मलाही ते खरं वाटायला लागलं होतं.

आज मालवणच्या गॅरेजात मेकॅनिकने पेट्रोलची नळी काढली आणि मलाच आधी वास आला. रॉकेल. दीर होडीवरून आला की पडवीभर पसरतो, तोच वास. होडीचं मशीन पेट्रोलवर सुरू करायचं आणि पुढे रॉकेलवर चालवायचं, हे इथे कोणाला सांगायला नको. बर्फ आणायला म्हणून गाडी नेतो, माझं पेट्रोल होडीसाठी काढतो आणि काटा खाली दिसू नये म्हणून टाकीत रॉकेल ओततो. वर किल्ली देताना, "टाकी भरून ठेवलंय हां, वयनी."

आणि मी? दर वेळी चहा केला त्याला. भावामागे आपल्याला बघतो, म्हणून डोळे भरून यायचे माझे.

टाकी धुऊन घेतली. गाडी पहिल्याच चावीला सुरू झाली.

आत्ता तो किल्ली मागायला आला होता. मी म्हटलं, "गाडी सुरू होणा नाय रे. माझो हात बरो नाय ना. आणि टाकीक रॉकेलाचो वास येता."

आज हसला नाही.